परीक्षा होईपर्यंत

मेघाने नकाशा दोन बोटांनी ताणून मोठा केला, तरी कोरडवाहू भाग कुठला आणि बागायती कुठला, ते काही कळेना. मूळ पुस्तकात हिरवा आणि पिवळा असे दोन रंग होते. नुसती पुस्तकं दाखवणाऱ्या तिच्या ई-रीडरवर सगळा महाराष्ट्र राखाडी. शेवटी तिने जिल्ह्यांची नावं वहीत उतरवून घेतली आणि पुढचं पान काढलं.

औरंगपुऱ्यातल्या त्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत साठ खुर्च्या होत्या आणि त्यांवरची एकोणसाठ माणसं मोबाइलवर नाहीतर टॅबवर वाचायची. मळकट पडद्याच्या त्या यंत्रावर वाचणारी मेघा एकटीच. पोरांनी यंत्राचं नाव ‘पाटी’ ठेवलं होतं. "मेघाताई, पाटी पुसली का?" असं रोज कोणीतरी विचारायचं, आणि ती मान वर न करता म्हणायची, "तुझं रील संपलं का?" चौतीस वर्षांची झाली होती ती. त्यातली आठ वर्षं या खिडकीजवळच्या खुर्चीत गेली. तिच्या मागून आलेली पोरं तिला ताई ताई म्हणता म्हणता साहेब होऊन निघून गेली, आणि ताई तिथेच राहिली.

मोबाइल तिने पाच महिन्यांपूर्वी सोडला. सोडला म्हणजे खरंच सोडला, चार दिवसांचं नाटक नव्हे. मोबाइलवर राज्यघटनेचं प्रकरण उघडायचं, जेमतेम दीड पान व्हायचं, तेवढ्यात वरून कोणाचा तरी मेसेज टपकायचा. भानावर यायची तेव्हा कोण कुठल्या बाईच्या केळवणाचे फोटो बघण्यात पाऊण तास गेलेला असायचा. मग स्वतःचाच असा संताप यायचा की उरलेला दिवसही हातचा जायचा. दोनदा तर ती अभ्यासिकेच्या जिन्यात बसून रडली होती. अखेर अभ्यास सोडून गावी निघालेल्या एका मुलीकडून तिने ही पाटी घेतली, सगळी पुस्तकं तीत भरली, मोबाइल विकून टाकला आणि आपलं सिमकार्ड वडिलांच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. पाटीवर कोणी येत नव्हतं, काही वाजत नव्हतं. मागच्या दोन वर्षांत झालं नाही एवढं वाचन या पाच महिन्यांत झालं. या पाच महिन्यांत मेघा सुखात होती, हे सांगायलाच हवं.

"तू गेली का नाहीस?"

मेघाने वर पाहिलं. प्रेरणा उभी होती. करमाडची प्रेरणा, तिची इथली एकुलती एक मैत्रीण. बहिणीच्या बाळंतपणासाठी दीड महिना घरी होती, आज परतली होती. खांद्यावरची बॅगसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती.

"कुठं?"

"कुठं काय विचारतेस? हे बघ."

प्रेरणाने आपला टॅब तिच्यापुढे धरला. गेल्या वर्षीच्या लिपिक भरतीची सुधारित यादी होती. त्या परीक्षेत मेघा प्रतीक्षा यादीवर तिसरी होती. वरचं कोणी सोडेल, जागा निघेल, ही आशा तिने केव्हाच गुंडाळून ठेवली होती. आता टॅबवर लख्ख रंगीत तक्ता दिसत होता. क्रमांक तीन, मेघा सांडू दाभाडे. पुढे लाल अक्षरांत, ‘कागदपत्र पडताळणीस अनुपस्थित, निवड रद्द’. खालच्या, चौथ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत ‘नियुक्ती’.

"मला वाटलं, तुझं दुसरीकडं काही झालं," प्रेरणा हळूच म्हणाली. "नाहीतर कोण जाणार नाही गं?"

मेघाने हात पुढे केला. प्रेरणाने खिशातला मोबाइल काढून दिला. जिन्यात जाऊन मेघाने कार्यालयाचा नंबर लावला. तिसऱ्या वेळी कोणीतरी उचलला. माणूस बिचारा चांगला होता, त्याने नाव विचारून फाइल शोधली.

"मॅडम, मागच्या महिन्यात तुम्हाला ईमेल केला, मेसेज केला. वर आमच्या मॅडमनी दोनदा फोन केला. घरच्यांनीच सांगितलं, आम्हाला नको आहे म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"वयस्कर माणसाचा आवाज होता म्हणे. वडील असतील."

"सर, मी आत्ता येते. सगळी कागदपत्रं आहेत माझी. फाइल तयार आहे."

"अहो, यादीत तुमच्या नंतरच्या बाई रुजूसुद्धा झाल्या. यादीची मुदतही संपली. परत द्या ना परीक्षा."

परत द्या म्हणे! मेघाने फोन बंद केला, आत येऊन प्रेरणाच्या हातात दिला, पाटी पिशवीत टाकली आणि निघाली. प्रेरणा मागून हाक मारत जिना उतरली, पण ही थांबली नाही.

क्रांती चौकातून मुकुंदवाडीच्या रिक्षात दोन बायकांच्या मध्ये कोंबून बसल्यावर ती मनातल्या मनात बापाशी भांडायला लागली. तुम्हाला कोणी सांगितलं होतं उत्तर द्यायला? मला एकदा विचारावंसं वाटलं नाही? आठ वर्षं मी सण पाहिला नाही, लग्न पाहिलं नाही, आणि तुम्ही एका वाक्यात सगळं मातीत घातलं! आज ती बोलणारच होती. बापाला लागेल असंच बोलणार होती. सिडको चौकात रिक्षा सिग्नलला थांबली, तेव्हा मात्र तिचा सगळा जोर गेला. इथंच उतरावं, घरी जाऊ नये, अभ्यासिकेत जाऊ नये, कुठंच जाऊ नये, असं तिला वाटलं. शेजारची बाई म्हणाली, "ताई, बरं नाही का?" मेघाने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही.

सांडू दाभाडे दारातच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उभी हयात लोकांची घरं रंगवण्यात गेली, आता गुडघ्यांमुळे शिडी चढवत नव्हती. मुलीला पाहून ते धडपडत उठले.

"आज इतक्या लवकर? बरं हाय ना?"

"बाबा, माझ्या नंबरवर कुण्या बाईचा फोन आला व्हता? मागल्या महिन्यात?"

सांडूंचा चेहरा एकदम खुलला. कोणी तरी हे विचारावं याची ते जणू वाटच बघत होते.

"एक का दोन! लई आले. लोनवाले आले, क्लासवाले आले, फुलंब्रीचे ते सोयरीकवाले आले. सगळ्यायला वाटंला लावलं. तूच म्हनली व्हती ना, परीक्षा होईपर्यंत कोनाशी बोलनार नाय, कोनाचाबी फोन येऊ दे. म्या एकालाबी तुझ्यापोत्तर येऊ दिलं नाय."

"कागदपत्रं घेऊन या म्हणणारी एक बाई?"

"हां, ती! लई चिवट बाई. अमुक तारखेला या, कागदपत्रं घेऊन या. म्या वळखलं. मागल्या साली असंच कागदं घेऊन बोलावलं आन् क्लासात नाव घातलं व्हतं का नाय तुझं? तिनं दुसऱ्या बारी केला, तवा म्या सरळ सांगितलं. म्हनलं, बाई, आमाला नाय पायजे तुमचं काय. आमची पोरगी अभ्यासाला बसलीय, ती मोठी साहेबीन व्हनार हाय." ते हसले. "मंग गप बसली."

रिक्षात जुळवलेलं एकेक वाक्य मेघाच्या ओठांवर होतं. पाच महिने या माणसाने घरात टीव्ही लावू दिला नव्हता. तिच्या नावाचा फोन दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून मोरीत जातानासुद्धा तो फोन बरोबर न्यायचा, आणि आईने एकदा त्यावरून टर उडवली तेव्हा तिच्यावर खेकसला होता.

"फोन द्या जरा."

सांडूंनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढून दिला. मेसेज होता. इंग्रजीत, चौदा तारखेचा. तिचं नाव, बैठक क्रमांक, दिवस, वेळ, मूळ कागदपत्रं, आणि शेवटी, न आल्यास हक्क संपेल, असं. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत वर जाऊन पुन्हा वाचला.

"इंग्रजीत हाय म्हनून म्या ठिवला तसाच. म्हनलं, परीक्षा झाल्यावर दावू तुला." सांडू जवळ सरकले. "काय हाय गं त्याच्यात?"

आत आई भांडी घासत होती.

"काय नाय, बाबा. क्लासचीच जाहिरात हाय."

"बघ! म्या म्हनलं नव्हतं?" त्यांनी मांडीवर थाप मारली. "पुसून टाक मंग."

मेघाने बटण दाबलं. फोनने एकदा विचारून खात्री करून घेतली. तिने पुन्हा दाबलं.

फोन परत घेऊन सांडूंनी तो सदऱ्याला पुसला आणि जपून खिशात ठेवला. मग त्यांना काहीतरी आठवलं. चेहरा जरा ओशाळा झाला.

"पर लई कडक बोललो का गं म्या तिला? तीबी कुनाची पोरगीच आसंल, पोटासाठीच फोन करत आसंल बिचारी." ते घुटमळले. "परत आला तिचा फोन, तर काय सांगू?"

"नाय यायचा आता, बाबा."