निंगव्वाचा हत्ती

धारवाडच्या स्टँडवर पेढ्याने बसच्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवले आणि मागचे दोन खालीच राहू दिले. गौरव्वाने दोरी ओढली, तसा तो आणखीच फतकल मारून बसला. मागची माणसं खोळंबली.

“अव्वा, त्याला ठेव खाली आणि तू तरी चढ,” कुणीतरी ओरडलं.

शेवटी तिने त्याला काखोटीला मारलं आणि खिडकीजवळच्या बाकावर आदळलं. हातातली कापडी पिशवी मात्र अलगद मांडीवर घेतली.

कंडक्टर इराप्पा समोर येऊन उभा राहिला.

“आधार कार्ड दाखव, अव्वा. बायकांना फुकट आहे. याचं आहे का आधार?”

“हा माझा नाही.”

“दोरी तुझ्या हातात म्हणजे तुझाच. बाईमाणूस असता तर सोडला असता, आता अर्धं तिकीट लागेल. कुठं जायचंय?”

“सौंदत्ती. संध्याकाळी मी परत येईन. हा नाही.”

इराप्पाने एकदा कुत्र्याकडे बघितलं आणि तिकीट फाडलं.

पेढ्या निंगव्वाचा होता, गौरव्वाच्या धाकट्या बहिणीचा. अंगाचा रंग धारवाडच्या पेढ्यासारखा, म्हणून ते नाव. निंगव्वाने त्याला बाजारातून उचलून आणलं, तेव्हाच गौरव्वा म्हणाली होती, “घरात हा राहील, नाहीतर माझे भरतकामाचे दोरे राहतील.” दोन्ही राहिले. तो रेशमाची लड तोंडात धरून अंगणभर पळायचा आणि निंगव्वा पदर खोचून, हसत हसत त्याच्यामागे. तिला हसायला कारण लागत नसे. सुगी सरली की बदामीला, बनशंकरीच्या जत्रेला जायची टूम तीच काढायची. गौरव्वा कुरकुरत निघायची आणि खिडकीची जागा मात्र आधी धरायची.

उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि निंगव्वा गेली. गौरव्वाने सुई डब्यात ठेवून दिली ती आजवर काढली नव्हती. हाताला दोघींची सवय, म्हणून भाकरी जास्तीची थापली जाई. ती पेढ्या खाई आणि मग दाराशी जाऊन बसे. त्याचं ते दाराशी बसणं तिला बघवत नसे.

आज दोन्ही पोचवायची होती. पेढ्याला भाचीच्या मळ्यावर, आणि पिशवीतली काळी चंद्रकळा भाचीच्या हातात. भाचीच्या लेकीच्या लग्नासाठी निंगव्वाने तिच्या पदरावर कसुतीचं भरतकाम घेतलं होतं, लाल रेशमाचा हत्ती; तो अर्धाच राहिला होता. “दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घे,” असं गौरव्वाने कळवलं होतं. त्यानंतर घरात वाट बघणारं कुणी उरणार नव्हतं. तिला तेच हवं होतं.

वाटेत एका फाट्यावर बस चहासाठी थांबली. पेढ्या कुईकुई करू लागला म्हणून ती त्याला घेऊन उतरली. पाण्यासाठी वाकली, पिशवी कट्ट्यावर टेकवली, आणि तेवढ्यात दोरीला हिसका बसला. चंद्रकळेचा पदर तोंडात धरून पेढ्या कापसाच्या रानात शिरला.

“अरे मुडद्या! पेढ्या! सोड ते!”

ती धावली. काळ्या मातीत चप्पल रुतली, ती तिथेच टाकून धावली. तिकडून बसचा भोंगा वाजला.

“अव्वा, येतेस का? गाडीला उशीर होतोय!”

तिने मागे न बघता जा म्हणून हात केला.

बांधापाशी पेढ्या लुगडं पुढ्यात घेऊन शेपूट हलवत बसला होता. लुगडं कुठं फाटलं नव्हतं. पण त्याच्या दाताला लाल रेशीम अडकलं होतं, लांबलचक. गौरव्वाने पदर उलगडला. हत्ती गेला होता.

कसुतीला गाठ चालत नाही. दोरा एक घर टोचत, एक घर सोडत नक्षीच्या टोकापर्यंत जातो, आणि त्याच वाटेने मागे येत सोडलेली घरं भरतो. तसा परत आला की मग तो ओढून निघत नाही. निंगव्वाचा दोरा शेपटीपर्यंत पोचला होता. परत आला नव्हता.

गौरव्वाने हात उगारला. पेढ्याने कान पाडले. हात तसाच खाली आला आणि ती बांधावर बसली. पिशवीत शिल्लक रेशमाबरोबर निंगव्वाचा सुयांचा डबाही होता, तोही भाचीला द्यायचा होता. पुष्कळ वेळ ती नुसती त्या दोऱ्याकडे बघत राहिली. तो सरळ होत नव्हता. जिथं जिथं टाका वळला होता, तिथं तिथं बाक राहिला होता. काळ्या कापडावर बारीक भोकंही तशीच होती.

तिने दोरा पदराला पुसला, सुईत ओवला आणि पहिल्या भोकात घातला.

सोंड झाली. कपाळ झालं. पेढ्याने तिच्या पायावर हनुवटी टेकली, तरी तिने त्याला ढकललं नाही. उन्हं कलली. पाठीपर्यंत ती बिनचूक आली आणि मागच्या पायाशी अडली. निंगव्वाने एक धागा कमी मोजला होता. पाय किंचित आत वळून हत्ती लंगडा झाला होता. “मोज, मग टोच. किती वेळा सांगू?” गौरव्वा जन्मभर म्हणत आली. उसवायला लावी. निंगव्वा उसवायची आणि म्हणायची, “अक्का, हत्ती आहे तो. चालून चालून दुखला असेल पाय.”

सौंदत्तीहून परत फिरलेली बस फाट्यावर थांबली. इराप्पा खाली उतरून बांधापर्यंत आला. त्याच्या हातात तिची चप्पल होती.

“अजून इथंच? मला वाटलं, दुसऱ्या गाडीनं गेलीस. आता समोरून येणारी एक गाडी आहे सौंदत्तीची. थांबतेस?”

“थांब जरा. एक टाका घेऊ दे.”

बरोबर मोजलेलं घर एका धाग्यापलीकडे होतं, कोरं. सुई तिथवर गेली, घुटमळली, आणि निंगव्वाच्या भोकात शिरली.

पेढ्याने उरलेल्या रेशमाची लड हळूच तोंडात धरली होती. गौरव्वाने ती काढून घेतली, लुगड्याची घडी केली आणि चप्पल पायात सरकवली.

“धारवाड,” ती म्हणाली. “याचं अर्धं दे.”