धाकटीचं घर

मायदेशी घर घेतलं तेव्हा धाकटीने ते पाहिलंही नव्हतं. ताई फोनवर म्हणाली होती, "तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. घेऊन टाक. पुढे हात पोचायचा नाही." धाकटी तेव्हा परदेशात नवीनच होती, दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायला शिकत होती. पगार झाला की खाण्यापिण्यापुरतं बाजूला काढून उरलेलं सगळं ती त्या घराच्या हप्त्यांत घालायची. बरोबरीच्या बायका तिथल्या पेन्शन योजनेत पैसे भरायच्या, आणि धाकटीला त्या भोळ्या वाटायच्या. आपण काय, पाच-दहा वर्षांत परत जाणार. इथल्या म्हातारपणाची तजवीज करायचीच कशाला?

त्या पाच-दहाची बावीस वर्षं कधी झाली, तिला कळलंही नाही. मध्ये लग्न झालं, चार वर्षांत मोडलं. मूलबाळ झालं नाही.

घर रिकामं ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून आई आणि ताई तिथे राहायला गेल्या. ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिला एकदा बढती आली, पण त्यासाठी गाव सोडावं लागलं असतं, आणि आईचं तोवर एक अंग लुळं पडलेलं. ताईने बढतीच्या कागदावर 'नको' लिहून दिलं. लग्नाचं तर तिने कोणाला बोलूच दिलं नाही. अकरा वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं तिने एकटीने केलं. आई गेली तेव्हा धाकटी तिसऱ्या दिवशी पोचली. ताईने दार उघडलं आणि म्हणाली, "ये. पाणी घे आधी."

त्यानंतर दोन वर्षांनी धाकटीचे हात कापायला लागले.

तिचं काम मोठं नाजूक. पांढरी भुकटी पाण्यात कालवून, ब्रशाच्या टोकाने थरावर थर चढवत दात घडवायचा. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग असा जुळवायचा की माणसाला स्वतःलाही आठवू नये कुठला आपला आणि कुठला तिचा. प्रयोगशाळेत समोरच्या दातांचं काम आलं की मालक ते मुकाट्याने तिच्याच टेबलावर ठेवायचा. आता ब्रश दातावर टेकायच्या आधीच थरथरू लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे थांबत नाही, फक्त हळू करता येतं, असंही सांगितलं. मालक चांगला होता. त्याने तिला काढलं नाही, खोके भरायच्या कामावर बसवलं. पगार मात्र निम्मा झाला.

ताईला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. एक तर एवढ्या लांबून तिच्या जिवाला घोर कशाला. आणि दुसरं म्हणजे, ताई चारचौघांत "आमच्या धाकटीच्या हातात जादू आहे" असं सांगायची. ते तिला मोडायचं नव्हतं.

बँकेतला सल्लागार कोवळा पोरगेला होता, पण बोलायला पक्का.

"तुम्ही म्हातारपण कुठे काढणार, ते आधी सांगा," तो म्हणाला.

"परत जाईन म्हणते."

"डॉक्टर कुठले तुमचे? गोळ्या कुठे फुकट मिळतात?"

"इथेच."

"मग जिथे राहणार नाही तिथे सगळी पुंजी, आणि जिथे राहणार तिथे काहीच नाही, असं का? त्या घराची किंमत वाढली असं तुम्हाला वाटतं. पण तिथलं चलन दरवर्षी घसरतंय. पैसा इकडे आणेपर्यंत ती वाढ वाटेतच जिरते. जितका उशीर कराल तितकं कमी हातात पडेल." मग त्याने सहज विचारलं, "त्या घराचं भाडं किती येतं?"

"भाडं नाही. बहीण राहते."

त्याने त्या रकान्यात आडवी रेघ मारली. ती रेघ धाकटीच्या डोक्यात बसली ती बसलीच.

रविवारी तिने फोन लावला.

"ताई, घर विकायला काढावं म्हणतेय."

"कुठलं?" जणू दहा घरं होती.

धाकटीने चलनाचं सांगितलं, पेन्शनचं सांगितलं. हातांचं तेवढं वगळलं. पण ते वगळल्यामुळे सगळं बोलणं कसं कोरडं, कंजूष माणसासारखं झालं. ते तिलाही जाणवलं, आणि घाईघाईने आपली बाजू भक्कम करायला ती बोलून गेली, "इतकी वर्षं भाडं आलं असतं ना, तर आज ही वेळच आली नसती."

बोललेलं गिळता आलं असतं तर तिने त्याच क्षणी गिळलं असतं.

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली. ऑपरेटरचा तो जुना, स्वच्छ आवाज होता. "मुखत्यारपत्र माझ्याकडे आहेच. तुला यायची गरज नाही. मी बघते."

"तुझी राहायची सोय लागल्याशिवाय काही करायचं नाही हं. आणि विक्रीतला हिस्सा तू घ्यायचास."

"आधी व्यवहार तर होऊ दे."

ताईने व्यवहार असा चोख केला की दलालही चाट पडला. पहिली दोन गिऱ्हाइकं तिने दारातूनच परतवली. तिसऱ्याशी महिनाभर घासाघीस केली. वर प्रत्येकाला तेच ऐकवलं, "घर माझं नाही, धाकटीचं आहे. एक पैसा कमी घेता येणार नाही." नोंदणी कचेरीत विकणाऱ्याच्या वतीने सही तिनेच केली, अंगठाही तिनेच उठवला. ताबा कधी देणार असं विचारल्यावर म्हणाली, "घर रिकामंच आहे." आदल्याच दिवशी तिने आपलं सामान हलवलं होतं. हे सगळं धाकटीला पुढे दलालाकडून कळलं. ताईने फोनवर फक्त "झालं" एवढंच सांगितलं.

कर भरल्याचा दाखला आला, पैसे आले; ताईने हिस्सा काही ठेवून घेतला नव्हता. धाकटीने सल्लागाराच्या सांगण्याप्रमाणे ते पेन्शन योजनेत भरले. आठ दिवसांनी खात्यात आणखी एक रक्कम पडली. बँकेने चुकून काहीतरी दोनदा पाठवलं असावं, असं समजून तिने ताईला फोन केला.

"चूक नाही," ताई म्हणाली. "ते भाडं आहे."

"कसलं भाडं?"

"राहत होते ना. सगळ्या वर्षांचं जमलं नाही. आई गेल्यानंतरचं पुरतं धरलंय. आई होती तोवरचं अर्धं. आईचं अर्धं तू सोड."

ताईचा फंड आणि आईच्या बांगड्या सोडून ताईजवळ दुसरं काही नव्हतं. तिने पैसे परत पाठवले, तर ते आले तसे माघारी आले. ताईने ते खातंच बंद केलं होतं.

मग धाकटी स्वतः गेली. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

ताई आता निवृत्त बायकांच्या वसतिगृहात राहत होती. एक खाट, एक कपाट, खिडकीत विजेची शेगडी. तिने चहा केला, कप बशीत ठेवून पुढे केला. धाकटीने तो घेतला मात्र, कप बशीवर खडखडला आणि चहा तिच्या मनगटावरून ओघळला. ताईने झटकन कप काढून घेतला आणि तो हात धरला. हात तिच्या मुठीतही थरथरत राहिला.

"हे कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

"आणि काम?"

"खोके भरते."

ताई खाटेवर बसली. पदराने धाकटीचं मनगट पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली. "मग घर त्यासाठी विकलंस?"

"हो."

"मला का नाही गं सांगितलंस? भाड्याचं ते मी मनालाच लावून घेतलं नसतं. म्हटलं असतं, आजारी माणूस बोलतं."

"ते बोलायलाच नको होतं मी. ताई, ते पैसे परत घे. तुझ्या पाया पडते."

"नाही." ताईच्या आवाजात राग नव्हता. "तुला वाटतं मी तुझ्यावर सूड उगवला. आधी थोडं तसंही होतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे सगळे त्याला 'धाकटीचं घर' म्हणायचे. मी आईचं करत होते तेव्हाही धाकटीच्या घरात राहत होते. इथे खोली एवढीशी आहे, पण तिचं भाडं मी देते. ते पैसे घेतले तर मी पुन्हा तिथेच जाईन."

"माझ्याकडे चल मग."

"या वयात? तुझे हात असे, माझे गुडघे असे. कोण कोणाचं करणार?" ताई हसायला गेली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला. मग दोघी एकमेकींना धरून रडल्या, शेजारच्या बाईने दार वाजवून "सगळं ठीक ना?" विचारेपर्यंत.

वसतिगृहात पाहुण्यांना मुक्कामाची परवानगी नव्हती. जन्मगावात धाकटीने पहिल्यांदाच लॉजमध्ये खोली घेतली. चार दिवस ती रोज तीनला यायची आणि सहाला उठायची. दोघी आईबद्दल बोलल्या, औषधांबद्दल बोलल्या, घराबद्दल नाही. शेवटच्या दिवशी तिने भाड्याच्या त्या रकमेच्या ठेवीवर ताईचं नाव घालायचा फॉर्म पुढे केला. ताईने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घातली, आणि सही न करताच धाकटीच्या पर्समध्ये ठेवला.

बसपर्यंत ती सोडायला आली. पिशवी तिनेच धरली, धाकटीला धरू दिली नाही.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली. "आणि गोळ्या वेळेवर घे."

बस निघाली. धाकटीने खिडकीतून पाहिलं, ताई पाठमोरी चालली होती, एक गुडघा जपत, जमेल तितकं भरभर. सहाला वसतिगृहाचं फाटक बंद व्हायचं.