ऊन दाखवलेली गिटार

नंदनवन वस्तीतल्या त्या घरात मे महिन्यात उन्हातून काही सुटत नसे. गहू, मिरच्या, रजया, लोकरी शाली, सगळ्यांना गच्चीवर ऊन दाखवायचं. सोनिकानं ही रीत सासूकडून उचलली होती आणि सासूपेक्षा कडक पाळली होती. म्हणून सासऱ्यांच्या खोलीत कूलरच्या ओलीनं गिटारीच्या खोळीला कुबट वास लागलाय हे लक्षात आलं, तेव्हा तिला दुसरा उपाय सुचलाच नाही. सासरे देवराव बुद्धविहारात बैठकीला गेले होते, नवरा अंकुश कामावर. तिनं खोळ दोरीवर टाकली, आणि गिटार मिरच्यांच्या शेजारी रजईवर उताणी निजवली. थोडा वेळ पुरे, असं ठरवून.

मग सिलिंडरवाला आला. त्याच्या मागून शेजारच्या रुखमाबाई आल्या, सुनेची गाऱ्हाणी घेऊन, आणि ती काही थोड्या वेळात मावणारी नव्हती. गिटार आठवली तेव्हा वरच्या मिरच्या हातात चुरा होण्याइतक्या कडक झाल्या होत्या. गिटार तव्यासारखी तापली होती, पदरानं धरून खाली आणावी लागली. तारा नेहमीपेक्षा जरा उंच उठल्यासारख्या वाटल्या. वाटल्या म्हणजे दिसल्याच. सोनिकानं ती पुसली, खोळीत घातली आणि जागेवर ठेवून दिली.

तशी ती गिटार बघणाऱ्याला लहान मुलाचीच वाटायची. आखूड अंग, बारीक कंबर, मांडीवर घेतली तर मांडी उरायची. देवराव रेल्वेत नवीन लागले होते तेव्हा अजनीच्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या बायकोनं देश सोडून जाताना त्यांना दिलेली. तेव्हाच ती जुनी होती. सोनिकाच्या सासू, बायजाबाई, म्हणायच्या, "तीन लेकरं मोठी झाली माह्या हातानं, तुमची हे काही वाढली नाई." सायकलच्या दांडीला बांधून देवरावांनी ती गिटार वस्तीवस्तीत नेली, भीमगीतांना साथ केली.

आता बायजाबाई नव्हत्या, सायकल नव्हती, आणि मागच्या आजारपणानंतर देवरावांचा उजवा हात थरथरायचा. सोनिका त्यांना चहा अर्धाच कप द्यायची, सांडू नये म्हणून. फक्त गिटारीवर हात पडला की ती थरथर तारेत उतरायची आणि सूर लांबवर हलत राहायचा. "हे थरथर नाई वं, हे कला व्हय," असं ते सोनिकाला डोळा बारीक करून सांगायचे. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की देवरावांनी एक गाणं वाजवायचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. पौर्णिमा जवळ आली होती.

त्या संध्याकाळी ते तयारीला बसले. सोनिका स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. दोन-चार सूर आले, आणि मग एकदम फाटल्यासारखा आवाज. ती धावत गेली. तारा अडकवायची, सरसानं चिकटवलेली लाकडी पट्टी उखडून देवरावांच्या मांडीत पडली होती, तारा सुटून लोंबत होत्या, आणि देवराव गिटारीकडे नाही, आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"सोनिका," ते हळूच म्हणाले, "लई जोर लागला वाटते वं माह्याकडून. समजलंच नाई मले."

ती बोलणार होती. तोंड उघडलंही होतं.

"अंकुशले सांगू नको," देवराव म्हणाले. "तो लगेच चालू होईल, हे करू नका, ते करू नका. तू नाई सांगत ना?"

"नाही सांगत, बाबा," सोनिका म्हणाली. आणि क्षणभर तिला हायसं वाटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या क्षणाची.

अंकुशला अर्थात दिसलंच. गिटारीची अवस्था लपण्यासारखी नव्हती. "बाबा, आता बस झालं," तो म्हणाला. "ते वाजवणं बंद. अन् गॅसजवळ तर जाऊच नका." एरवी देवरावांनी पोराला दोन शब्द सुनावले असते. या वेळी त्यांनी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून ते दाढी करायला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊ लागले. घरातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायचं काम त्यांनी सोनिकाकडे दिलं. विहारातल्या लोकांना फोनवर सांगितलं, यंदा दुसरं कोणी बघा, माह्या हाताचा भरवसा नाई राहिला. सोनिका बाहेर पोछा मारत होती. तो पोछा एकाच फरशीवर बराच वेळ फिरला.

गिटार जोडून आणू, म्हणजे विषय संपेल, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. लाकूड जोडता येतं. हाताचं काय, हेही तिला कळत होतं, पण त्या विचाराशी पोचलं की ती उठून काहीतरी घासायला घ्यायची. त्या दिवसांत घरातली भांडी फार चमकली.

मग एका रात्री जेवताना देवरावांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "वरणभात तूच कालवून दे वं. अन् चमचा दे. माह्या हातानं उगाच सांडासांड."

अंकुश म्हणाला, "दे ना, काय झालं?"

सोनिकानं ताटाला हात लावला नाही. "बाबा, गिटार तुमच्या हातानं नाही तुटली. मी गच्चीवर उन्हात ठेवली होती. विसरली. आणली तेव्हाच तारा वर आल्या होत्या. मी पाहिलं होतं."

"तू?" अंकुश म्हणाला. "अन् इतके दिवस..."

"तू थांब गा," देवराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण सोनिकानं तो असा कधी ऐकला नव्हता. "मिरची व्हय का ते, ऊन दाखवाले?"

"चुकलं, बाबा."

"तुटली ते तुटली. जुनीच होती. पण मी हात धरून बसलो होतो ना रोज तुह्यासमोर. काहून नाई बोलली?"

ती घाबरली होती, हे खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. देवरावांनी ताट परत ओढलं आणि भात स्वतः कालवला. थोडं वरण टेबलावर गेलं, थोडं सदऱ्यावर. फडकं सोनिकाच्या हाताशीच होतं. तिनं उचललं नाही. ते पूर्ण जेवले, आणि उठले.

सकाळी ते आरशासमोर स्वतः दाढी करत होते. हनुवटीवर कापलंही होतं, वर कागदाचा कपटा चिकटवलेला. सोनिकाकडे बघितलं नाही. तिनं चहा गाळला आणि अर्ध्यावर थांबणारा हात थांबवला नाही. काठापर्यंत भरलेला कप त्यांच्यापुढे ठेवला.

देवरावांनी कपाकडे पाहिलं. उचलला. चहा बशीत सांडला, त्यांनी बशीही तोंडाला लावली.

मग आत जाऊन खोळीतली गिटार आणून तिच्या पुढ्यात ठेवली.

"तूच घेऊन जाजो दुरुस्तीले. पौर्णिमेच्या आधी पाहिजे मले." दारापर्यंत गेले आणि वळले. "अन् सावली पाहून नेजो."