बारा बायकांचा कोलाट

खजुरीत रुद्रम्मा आणि पंचशीला चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण म्हैस. पंचशीला शिवणकाम करायची. तिनं दोरीवर लटकवलेलं नवरीचं ब्लाउज रुद्रम्माच्या म्हशीनं खाल्लं, जरीसकट. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. पंचशीला भांडायला गेली, तेव्हा किराणा दुकानाच्या गल्ल्यावरून न उठता रुद्रम्मा म्हणाली, "म्हशीला काय कळतंय, कुणाचं लगीन हाय ते?" पंचशीलानं तिथलीच बादली उचलली आणि तिला भरदुपारी आंघोळ घातली.

यंदा पंचायतीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला बचत गटातल्या बारा बायकांचा कोलाट, म्हणजे काठ्यांचा नाच, ठरला. शिकवायला शाळेतल्या श्रीदेवी टीचर. त्यांनी उंचीप्रमाणं जोड्या लावल्या, आणि गटातल्या सगळ्यात उंच नेमक्या याच दोघी.

पहिल्या दिवशी काठ्या काठ्यांवर कमी आणि बोटांवर जास्त बसल्या.

"टीचर, ही मुद्दाम मारायलीय," रुद्रम्मा ओरडली.

"टीचर, अक्कांना सांगा, हात मागं घ्या म्हणावं," पंचशीला म्हणाली.

दोघींमध्ये अंतर दोन हातांचं, पण निरोप टीचरमार्फत. "मी पोस्टमन न्हाई," टीचर वैतागल्या. "एक-दोन-तीन-चार मोजा!"

आठव्या दिवशी वीज गेली. गाणं बंद पडलं, दहा बायका थांबल्या. या दोघी मात्र चालूच. टक, टक, गिरकी, टक. पाय एकदम पडत होते, श्वास एकदम वर येत होता. पुढची काठी कुठून येणार, हे रुद्रम्माला बघावंही लागत नव्हतं. भानावर आल्यावर ती ओशाळली. चार वर्षं जपलेला राग तिनं अंगात शोधला, तर घाम तेवढा सापडला.

"गुडघा दुखायलाय व्हय, अक्का?" पंचशीलानं विचारलं. "डावीकडं वळताना उशीर करायलाव."

"गुडघा कामून दुखंल? आळंदच्या टेलरनं काख घट्ट शिवलीय."

पंचशीला पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ती काख उसवून सैल करून दिली.

उद्घाटनाला पाहुणे दीड तास उशिरा आले. पंचायतीचे गुरुशांतप्पा मंचावरून म्हणाले, "वेळ न्हाई. नाच दोन मिनिटांत उरका."

बाराही माना एकदम त्यांच्याकडं वळल्या.

नाच सुरू झाला. दोन मिनिटांनी गुरुशांतप्पांनी भाषणासाठी माइक उचलला. रुद्रम्मानं पंचशीलाकडं पाहिलं. टक! पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पाहुणेच टाळ्या वाजवायला लागले. मग नाइलाजानं गुरुशांतप्पाही, ठेका चुकवत. भाषण राहूनच गेलं. गावानं त्याबद्दल बायकांचे मनापासून आभार मानले.

एकत्र नाचून बायकांची मनं मोठी झाली, असं श्रीदेवी टीचर सगळ्यांना सांगत सुटल्या. पुढच्या महिन्यात करजगीच्या बायकांशी स्पर्धा लागली. जाताना टेम्पोत रुद्रम्मा पंचशीलाच्या कानाला लागली होती.

"काय ठरवायलाव दोघी?" टीचरनी विचारलं.

"काय न्हाई," दोघी एकदम म्हणाल्या.

करजगीवाल्यांच्या काठ्यांना गोडेतेल चोळायचा बेत होता. पंचशीलाच्या पिशवीतून बाटलीचं बूच डोकावत होतं. टीचरनी ते पाहिलं, पदर सावरला आणि बाहेरची तुरीची शेतं बघत बसल्या.