बी.ए., बी.एड. आणि तेवीस मार्क

दत्तप्रसाद मास्तरांना रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, तरी परीक्षा म्हटली की त्यांच्या अंगात यायचं. कुंभारवाड्याच्या शाळेत म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी हाय, मदतीला चला, असं बायकोनं म्हटलं मात्र, मास्तर इस्त्रीचा शर्ट चढवून सिस्टरच्या आधी हजर. सगळ्यांचे फॉर्म त्यांनीच भरले. 'शिक्षण'पुढे 'नाही, नाही' लिहून हात दुखला, म्हणून स्वतःच्या फॉर्मवर बी.ए., बी.एड. लिहून खाली दोन रेघा ओढल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगीच न्हाई.

पार्वतीअक्का आधी बसली. शाळेची पायरी कधी चढली नव्हती. रेश्मा सिस्टरनं पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. वार विचारला, चित्रं दाखवली, वजाबाकी घातली. वजाबाकीत अक्का अडकली. तीसपैकी तेवीस.

"चांगलं हाय अक्का, काळजी न्हाई," सिस्टर म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली, ढ पोरगं काठावर पास झाल्यावर डोलवायचे तशी.

मग मास्तर बसले. वजाबाकी धडाधड केली. पण पाच शब्दांतला एकच आठवला. तारीख चुकली, महिना चुकला, घड्याळाचे काटे भलतीकडेच काढले. बेरीज तेवीस.

"म्हणजे पास," मास्तर म्हणाले.

"न्हाई मास्तर. न शिकलेल्याला वीस पुरतात. पदवीवाल्याला सव्वीस लागतात. तुम्ही बेळगावच्या डॉक्टरांना एकदा दाखवा."

जन्मभर मिरवलेली पदवी अशी अंगावर आली. मास्तर पुढं वाकून हळूच म्हणाले, "चौथी पास लिहा की. कोण बघतंय?"

बोलून गेले आणि स्वतःचीच शरम वाटली. पस्तीस वर्षं कॉपी करणाऱ्यांचे कान पिळले ते ह्याच हातानं ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्यांना हसू आलं.  पण आतून भ्या वाटत होतं, दुसरं काही न्हाई.

"राहू द्या पदवी," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात जोयड्याच्या स्टँडवर आपल्या गावची बस कुठली, तेच मला आठवेना. दोन तास नुसता बसून होतो. झिलूनं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, घरी आणून सोडलं. ताराला सांगितलं न्हाई. उगीच घाबरेल."

बायको, ताराबाई, मागच्याच बाकावर बसली होती. "झिलूनं मला त्याच दिवशी सांगितलंय," ती म्हणाली. "मदतीला चला म्हटल्याबिगर तुम्ही आला असता का हितं?"

 ताराबाईनं बाक पुढं ओढला आणि सिस्टरला विचारलं, "बेळगावला कुठल्या वारी जायचं? मी येणार हाय संगं."