ज्याच्यावाचून अडत नाही तो

दर फेब्रुवारीत कॉलेजच्या वरच्या मजल्यावरून एक कागद खाली वर्कशॉपमध्ये यायचा. प्रत्येक विभागाने एक माणूस द्यावा. वर्षभर, महिन्यातल्या एका शुक्रवारी, तो राज्याच्या राजधानीला, डे मॉइनला जाईल. बजेट कसं मांडायचं, कारखानदारांशी कसं बोलायचं, शिक्षक कसे नेमायचे हे शिकेल. पुढे मास्टर्स करायचं ठरवलं तर फी कॉलेज भरेल. उद्याचे विभागप्रमुख याच माणसांतून निघणार, असं त्या कागदावर लिहिलेलं असायचं, आणि ते खरंही होतं.

वेल्डिंग विभागाचा प्रमुख व्हर्लिन हाकन चौदा वर्षं त्या खुर्चीत होता. कागद समोर ठेवून तो स्वतःला एवढंच विचारायचा: शुक्रवारी कोण नसलं तर माझं अडणार नाही? त्याचं नाव लिहायचा आणि मोकळा व्हायचा. आयोवातल्या त्या कॉलेजात सगळेच असं करत. डिझेलवाले करत, नळकामवाले करत. चांगल्या माणसाला कामाला जुंपायचं आणि बिनकामाच्याला नेता व्हायला पाठवायचं. मग कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून कुरकुर करायची, की वरच्या मजल्यावर सगळी गाढवं भरलीत. त्यांना जिन्यापर्यंत कुणी पोचवलं, हे बोलायची हिंमत एकालाही नव्हती.

हा नेतृत्वाचा अभ्यासक्रम सुरू झाला त्या पहिल्या वर्षी व्हर्लिनने ड्वेन प्रुइटचं नाव दिलं. ड्वेन सुरक्षेची थिअरी शिकवायचा, म्हणजे जुनी चित्रफीत लावून मागे फोनवर मासेमारीच्या होड्या बघत बसायचा. तो शुक्रवारी नसला तर विद्यार्थ्यांच्याही लक्षात यायचं नाही.

त्याच वर्षी कॉरिन वॅसेकने पहिल्यांदा विचारलं होतं. कॉरिनने सोळा वर्षं धान्याच्या टाक्या जोडल्या होत्या, मग ती शिकवायला आली. कारखाने बंद पडून चाळिशी-पन्नाशीत पुन्हा वर्गात बसलेली माणसं पहिल्या आठवड्यात पळून जात. कॉरिनच्या हाताखालची टिकत. पण शुक्रवार चाचणीचा दिवस. जोडलेल्या पट्ट्या कापून यंत्रात वाकवायच्या, तडा गेला की नापास. ते काम कॉरिनचं. व्हर्लिनने वर लिहून कळवलं: कॉरिन वर्कशॉपचा कणा आहे, तिला सोडता येत नाही.

दुसऱ्या वर्षीही तेच वाक्य. तिसऱ्या वर्षी ती कोलाचींचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन त्याच्या केबिनमध्ये आली. आत खसखशीचं सारण होतं.

"ही लाच आहे का?" व्हर्लिनने विचारलं.

"लाच द्यायची असती तर जर्दाळूच्या आणल्या असत्या. बॉस, यंदा माझं नाव घाला."

"अगं, शुक्रवारी चाचण्या कोण घेणार?"

"महिन्यातला एकच शुक्रवार. काढा काहीतरी मार्ग, प्रमुख तुम्ही आहात ना."

"तुझ्यासारखी दुसरी मिळाली असती तर काढला असता."

"हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणालात. मला वाटलं कौतुक करताय."

"कौतुकच आहे."

"मग थोडं कमी करा," ती म्हणाली, आणि डबा तिथेच ठेवून गेली.

तो तोंडभर हसला होता. तिला आपली किंमत कळते आणि आपल्याला तिची, असंच त्याला वाटलं. त्याने त्या वर्षीही तेच वाक्य लिहिलं आणि औजारांच्या कोठारातल्या माणसाचं नाव दिलं.

दोन वर्षांनी व्हर्लिनच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ त्याने. आपल्या जागी कॉरिन यावी हे त्याने मनात धरलेलं होतं. बायकोला सांगितलं होतं, चर्चमध्ये दोघातिघांना सांगितलं होतं. ज्यांच्या हातात काही होतं त्यांना तेवढं सांगायचं राहिलं. निवड समितीत मावळता प्रमुख म्हणून त्यालाही खुर्ची होती. तिथे बोलू, असं त्याने ठरवलं.

तो बोललाही. वीस मिनिटं बोलला. उपाध्यक्षा मार्सी ओव्हरबीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कॉरिनची फाइल उघडली.

"व्हर्लिन, अर्जाची अट माहिती आहे ना? मास्टर्स, नाहीतर आपला नेतृत्वाचा अभ्यासक्रम. तिच्याकडे दोन्ही नाही. ड्वेनकडे दोन्ही आहे."

"ड्वेनला वेल्डिंगमधलं काही कळत नाही, मार्सी."

"असेल. पण त्याला पुढे कुणी पाठवलं? अटीला अपवाद करायला मी तयार आहे, मला फक्त काहीतरी लेखी दाखवायला हवं. म्हणून तू तिच्याबद्दल आजवर काय लिहिलंस ते काढलं. वाचू?"

तिने तीनही कागद वाचले. वर्कशॉपचा कणा. सोडता येत नाही. सोडता येत नाही.

"मी हे अध्यक्षांसमोर कसं ठेवू? इथे तूच तीनदा लिहून दिलंयस की या बाईची जागा वर्कशॉपमध्येच आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग काय म्हणायचं होतं?"

खरं उत्तर सोपं होतं आणि लाज आणणारं होतं: ती होती म्हणून व्हर्लिनचा शुक्रवार आरामात जायचा. कॉरिनसाठी त्याने एकट्याने हात वर केला; चार विरुद्ध एक मतांनी ड्वेन निवडला गेला.

कॉरिनला आपणच सांगायचं, एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. ती यंत्रापाशी पट्ट्या लावत होती. त्याने सांगितलं. तिने हातमोजे काढले नाहीत.

"ड्वेन," ती म्हणाली.

"हो."

"चित्रफीतवाला."

"कॉरिन, अजून वेळ गेलेली नाही. यंदा तू जा डे मॉइनला. ड्वेनला मी सांगतो. आणि शुक्रवारी चाचण्या घ्यायला मी येत जाईन, पगाराशिवाय."

ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "तुमच्याकडे तपासनिसाचा परवाना आहे?"

"आहे की. कधीच संपू दिला नाही."

"म्हणजे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हाही होता."

यंत्राचा पंप घरघरत राहिला. दर फेब्रुवारीत तो एकेक नाव डोळ्यांखालून घालायचा: हा मोकळा, ही अडकलेली, तो आजारी. त्या यादीत त्याने स्वतःला कधी धरलंच नव्हतं. केबिनपासून हे यंत्र पन्नास पावलांवर होतं.

"मला सुचलंच नाही," तो म्हणाला. हे खरं होतं, आणि म्हणूनच आणखी वाईट होतं.

"मला सुचलं होतं," कॉरिन म्हणाली. "पण प्रमुखाला कसं सांगायचं, की खाली या आणि माझं काम करा. वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल." तिने पट्टी यंत्रात सरकवली. "टाक्यांच्या कारखान्याने बोलावलंय. त्यांची शिकाऊ माणसं सांभाळायला, सगळा विभाग माझ्या हाताखाली. तिथे कागद मागत नाहीत. मे महिन्यात वर्ग पास करून जाते."

"आणि इथे?"

"इथे ड्वेन आहे."

पुढच्या शुक्रवारी ती कारखान्यात बोलणी करायला गेली. चाचण्या व्हर्लिनने घेतल्या. हात थोडे अडखळले, मग आठवलं. अकरा जणांच्या पट्ट्या दुपारच्या जेवणाआधी आटोपत आल्या. शेवटची होती नोरीन, कोंबडीच्या मांसाचा कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीत शिकायला आलेली.

"मिस वॅसेक येत नाहीत आता?"

"मे महिन्यापर्यंत आहेत."

"मग आमचं दुसरं वर्ष कोण घेणार?"

"कॉलेज बघेल कुणीतरी."

"कोण बघेल? तुम्हीच ना प्रमुख?"

"पंधरा दिवस अजून."

"तुम्हाला हे काम चांगलं येतं," नोरीन म्हणाली, जरा रागानेच. "मग इतके दिवस होता कुठे?"

व्हर्लिनने केबिनच्या काचेकडे बोट दाखवलं. नोरीनने तिकडे बघितलं आणि आपली पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने ती यंत्रात धरली आणि दाब दिला.