चकरीचे बूट

सासूबाईंनी मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, गळ पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला सुतळीनं बांधून टाकला, त्याला वर्ष झालं. खडकपूर्णा नदीत मासे धरताना शेवाळलेल्या काळ्या दगडावरून मामाजी घसरले होते. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट बसली.

"त्याच दगडावर न घसरता उभं राहून दाखवा, मंग गळ घ्या," आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "नाही त मी माहेरी चालली."

"बासष्टाव्या वर्षी कोणतं माहेर वो, पंचफुला?" मामाजी हसले. पण तीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस तेव्हापासून दिवसभर ओट्यावर बसू लागला. बसला की वर, अँगलकडे बघायचा.

माझे मिस्टर, देवानंद, पुण्याला बुटांच्या कारखान्यात नमुने करतात. त्यांनी गळ टाकणाऱ्यांसाठीचे बूट पाठवले. फोनवर सांगितलं, आधी अशा बुटांना नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तळ असायचा. दगड छान धरायचा, पण लवकर वाळायचा नाही, आणि एका नदीचा गाळ दुसऱ्या नदीत न्यायचा. म्हणून आता रबर, आणि त्यात लोखंडी खिळे.

आईंनी बूट उलटा करून पाहिला. "याले त भोकं हायेत. पोरानं बापाले फुटके बूट पाठवले."

"आई, ती पाणी निघून जायला आहेत. नाही तर बूट भरून जड होईल."

रविवारी सगळे नदीवर गेलो. लेक समता माझ्या कडेवर, हातात मोबाईल, देवानंदना व्हिडिओ पाठवायचा म्हणून. मामाजींनी बूट काठावर ठेवले आणि अनवाणी उभे राहिले.

"नदीत पायताण घालून कोणी जाते काय? माय हाये ते."

मला पटलं. माझीही चप्पल काठावरच होती, कुणी न सांगता काढलेली.

"मंग गळही राहू द्या वर," आई म्हणाल्या. आम्ही परत आलो.

मंगळवारी दुपारी समता झोपली म्हणून दुपटी काढायला मागच्या अंगणात गेले. न्हाणीच्या आडोशाला मामाजी पाटावर बसलेले, पायात ते बूट. डाव्या हातानं आणि दातांनी नाडी बांधत होते. उजवं मनगट वळतच नव्हतं. गाठ तीनदा सुटली. मग त्यांनी दोन्ही नाड्या हळूच बुटात खोचल्या, जशा मी घाईत समताच्या खोचते.

वर्षभर ते लग्नांनासुद्धा चपलेवरच का जातात, ते तेव्हा कळलं. मी पाया पडायला वाकले तरी पाय मागे घेणारा माणूस. सुनेला नाडी बांधायला कसा सांगणार? दुपटी दोरीवरच ठेवून मी आत आले.

देवानंदना फोनवर सांगितलं. तर म्हणाले, "दिवसभर लोकांच्या पायांचं माप घेतो करिष्मा, अन् बापाचा हात नाही पाहिला."

वीस दिवसांनी देऊळगाव राजाहून पार्सल आणलं. या बुटांना नाडी नव्हती. बारीक तार होती आणि गाठीच्या जागी, बुटाच्या जिभेवर, एक चकरी.

"मामाजी, कारखान्यात नवीन नमुना केलाय. वापरून कळवा म्हणे," मी एवढंच बोलले.

त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी चकरी फिरवली. कट, कट, कट. तार आवळली गेली. समता खिदळली, म्हणून त्यांनी ढिली करून पुन्हा आवळली. मग पुन्हा. जेवायला हाक मारली तरी आजा-नातीचं तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मामाजी बुटांसकट पाण्यात उतरले.

"आन् आता? नदी माय नाही राह्यली काय?" आईंनी काठावरून टोमणा मारला.

"तिले विचारून आलो."

त्याच काळ्या दगडावर ते उभे राहिले. एक पाय उचलला, वळले, दुसरा उचलला. खिळे दगडावर करकरले. भोकांतून पाण्याच्या धारा निघाल्या. आईंचा हात माझ्या दंडावर होता, घट्ट. मामाजी वाकून पाण्यात हात धुऊन सरळ झाले, तेव्हा आईंचा हात सैल पडला.

"पोरीले माह्यापाशी दे," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन गळ घेऊन ये. गाठ लय पक्की मारली व्हती मी. सुटली नाही त विळ्यानं काप."